विश्लेषण : येशूवर कादंबरी लिहिणारे काझानझाकिस चर्चला का खुपले?

जानेवारी १९५४ मध्ये व्हॅटिकनने आपल्या निषिद्ध ग्रंथांच्या यादीत एका ग्रीक लेखकाच्या कादंबरीची भर घातली. त्याच वर्षी ग्रीसच्या ऑर्थोडॉक्स चर्चनेही या लेखकावर कारवाई व्हावी, असा आग्रह धरला. गंमत अशी की, ज्या पुस्तकावरून अथेन्समध्ये एवढा गदारोळ झाला ते ग्रीक भाषेत तोवर छापलेच गेले नव्हते. परदेशी अनुवाद आधी निघाले, मूळ ग्रीक पुस्तक आले १९५५ मध्ये. कादंबरीचे नाव ‘द लास्ट टेम्प्टेशन ऑफ ख्राइस्ट’, म्हणजे ख्रिस्ताचा अखेरचा मोह. लेखक निकोस काझानझाकिस.

आपल्याकडे हे नाव बहुतेकांना माहीत आहे ते ‘झोर्बा द ग्रीक’मुळे. ओशो रजनीश यांनी ‘झोर्बा द बुद्धा’ ही कल्पना मांडली, त्यामुळे पुण्यात तर ज्यांनी ही कादंबरी वाचली नाही त्यांनाही झोर्बा ऐकून ठाऊक असतो. पण काझानझाकिस यांच्या आयुष्यातला मोठा झगडा झोर्बाशी नव्हता. तो येशूशी होता. ख्रिस्ताचा शत्रू म्हणून ज्यांची गणना झाली ते काझानझाकिस वयाची जवळपास पन्नास वर्षे येशूच्या मागे लागलेले होते. विश्वासही बसत नव्हता आणि सोडवतही नव्हते, अशी त्यांची अवस्था होती.

क्रीटमधले बालपण कसे होते?

काझानझाकिस यांचा जन्म १८८३ चा, क्रीट बेटावरच्या हेराक्लिओन शहरातला. तेव्हा क्रीटवर ऑटोमन तुर्कांची सत्ता होती आणि बेटावर दर काही वर्षांनी उठाव होत असत. वडील मिखालिस शेतमालाचे व्यापारी. अबोल, दणकट आणि घरात दरारा असलेले. आई मारिया मात्र शांत आणि देवभोळी. या दोन टोकांची रस्सीखेच आपल्या रक्तातच आहे, असे काझानझाकिस यांनी पुढे अनेकदा लिहिले.

‘रिपोर्ट टू ग्रेको’ हे त्यांचे आत्मपर पुस्तक. त्यात एक आठवण आहे. उठावाच्या काळात तुर्कांनी काही ख्रिस्ती माणसांना शहरातल्या झाडाला फाशी दिले. वडिलांनी लहान निकोसला हाताला धरून तिथे नेले आणि त्या मृतांच्या पायांचे चुंबन घ्यायला लावले. हे पुस्तक म्हणजे काटेकोर चरित्र नव्हे, त्यात कल्पनेची भर बरीच आहे. तरीही त्यांच्या सगळ्या कादंबऱ्यांत टांगलेला माणूस पुन्हा पुन्हा का येतो, याचे उत्तर या आठवणीत सापडते. क्रीटच्या मुलासाठी क्रूस ही चर्चमधल्या भिंतीवरची वस्तू नव्हती. स्वातंत्र्यासाठी मरणाऱ्या माणसाची ती खूण होती.

१८९७ च्या उठावात कुटुंबाने नाक्सोस बेटावर आसरा घेतला. तिथे फ्रेंच कॅथलिक धर्मगुरूंच्या शाळेत निकोसचे काही काळ शिक्षण झाले. ऑर्थोडॉक्स घरातला मुलगा, कॅथलिक शिक्षक आणि समोर फ्रेंच ग्रंथांचे कपाट! युरोपची दारे इथेच उघडली. पुढे अथेन्समध्ये कायद्याची पदवी घेऊन ते १९०७ मध्ये पॅरिसला गेले. तिथे हेन्री बर्गसाँ यांची व्याख्याने त्यांनी ऐकली आणि नीत्शे या जर्मन तत्त्वज्ञावर प्रबंध लिहिला. देव मेला असे सांगणारा नीत्शे आणि सगळ्या सृष्टीतून एक जीवनशक्ती वर चढू पाहते असे मानणारा बर्गसाँ, हे दोन गुरू त्यांना एकाच वेळी भेटले. पुढचे सगळे गोंधळ आणि सगळी पुस्तके यातूनच निघाली, असे म्हटले तर फारसे चूक ठरणार नाही.

मठात जायचे की संसारात राहायचे?

१९१४ मध्ये कवी मित्र अँगेलोस सिकेलियानोस यांच्यासोबत काझानझाकिस माउंट एथॉसला गेले. ग्रीसच्या उत्तरेकडच्या या द्वीपकल्पावर फक्त ऑर्थोडॉक्स साधूंचे मठ आहेत आणि स्त्रियांना तिथे प्रवेशच नाही. दोघे तिथे सुमारे चाळीस दिवस राहिले. दोघांच्या डोक्यात नवा धर्म स्थापन करण्याचे खूळ होते. ते अर्थातच तडीस गेले नाही.

यानंतर त्यांचे आयुष्य अगदी उलट दिशेने धावताना दिसते. १९१७ मध्ये दक्षिण ग्रीसमधल्या मानी भागात त्यांनी लिग्नाइट कोळशाची खाण चालवण्याचा प्रयत्न केला. मुकादम म्हणून सोबत होता योर्गिस झोर्बास नावाचा खराखुरा माणूस. धंदा बुडाला, पण कादंबरीचा नायक मिळाला. (‘झोर्बा’ लिहिताना काझानझाकिस यांनी ही खाण क्रीटमध्ये नेऊन ठेवली.) १९१९ मध्ये पंतप्रधान व्हेनिझेलोस यांनी त्यांना सरकारी कल्याण खात्यात नेमले आणि कॉकेशसमध्ये अडकलेल्या सुमारे दीड लाख ग्रीकांना मायदेशी आणण्याच्या मोहिमेवर पाठवले. हे काम त्यांनी मन लावून केले. निर्वासितांचे ते तांडे त्यांच्या डोळ्यांपुढून कधीच हलले नाहीत.

१९२२ मध्ये व्हिएन्नात असताना एक विचित्र आजार झाला. एका स्त्रीशी ओळख झाली, भेट ठरली आणि त्यांचा चेहरा सुजून ओळखू येईना इतका बिघडला. भेट पुढे ढकलली की सूज तशीच, पुन्हा ठरवली तरी तशीच. अखेर मानसोपचारतज्ज्ञ विल्हेल्म श्टेकेल यांनी निदान केले की हा त्वचेचा रोग नाही. जुन्या काळच्या तपस्व्यांना व्हायचा तसला हा मनाचा रोग आहे. देहाला सुख हवे आहे आणि मन त्याला शिक्षा करते आहे. शहर सोडा, बरे व्हाल. काझानझाकिस यांनी व्हिएन्ना सोडले आणि सूज उतरली. त्या काळात ते बुद्धाच्या विचारांनी झपाटलेले होते आणि बुद्धावरचे नाटक लिहीत होते. ते नाटक पुढे कित्येक वर्षे त्यांच्या मेजावर राहिले.

त्याच काळात त्यांनी ‘आस्केतिकी’ हे छोटे पुस्तक लिहिले. ते १९२७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातला विचार चर्चच्या दृष्टीने कादंबऱ्यांपेक्षाही स्फोटक होता. देव माणसाला तारत नाही, उलट झगडणारा देवच माणसाच्या मदतीवर अवलंबून आहे, माणसाने त्याला वाचवायचे आहे, अशी उलटीच मांडणी त्यात होती. त्यावरून १९३० मध्ये नास्तिकतेच्या आरोपाखाली खटल्याची हालचाल झाली. खटला उभा राहिला नाही, पण चर्चच्या वहीत नाव लागले ते तेव्हापासून.

ख्रिस्त, बुद्ध, मग लेनिन आणि शेवटी होमरचा ओडिसियस, असा त्यांचा गुरुबदल चालू राहिला. सोव्हिएत रशियाच्या अनेक वाऱ्या झाल्या. १९२६ मध्ये ईस्टरच्या सुमारास एका ग्रीक वृत्तपत्रासाठी ते पॅलेस्टाइनला गेले. नासरेथ, गालील सरोवर, यरुशलेम हा सगळा परिसर त्यांनी डोळ्यांनी पाहिला. पाव शतकानंतर लिहिलेल्या कादंबरीत तिथली धूळ आणि ऊन आहे. १९३८ मध्ये त्यांनी ‘ओडिसी’ हे ३३,३३३ ओळींचे महाकाव्य पुरे केले. आपले खरे काम हेच, असे ते मानत. वाचकांचे मत वेगळे पडले.

कादंबरीकार म्हणून नाव कधी झाले?

पन्नाशी उलटल्यावर. दुसऱ्या महायुद्धात ग्रीसवर जर्मनांचा ताबा असताना एगिना बेटावर उपासमारीच्या दिवसांत त्यांनी ‘झोर्बा’ लिहिली. ती १९४६ मध्ये छापली गेली. युद्ध संपल्यावर क्रीटमधल्या जर्मन अत्याचारांची नोंद करणाऱ्या समितीत त्यांनी काम केले आणि जळालेली गावे पायाखाली घातली. काही आठवडे ते बिनखात्याचे मंत्रीही होते. पण ग्रीस यादवी युद्धाकडे चालले होते आणि डावे म्हणून त्यांच्याकडे संशयाने पाहिले जाई. १९४६ मध्ये त्यांनी देश सोडला. पॅरिसमध्ये काही काळ युनेस्कोत नोकरी केल्यावर १९४८ पासून फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या आँतीब गावी पत्नी एलेनी यांच्यासह ते स्थायिक झाले. साठी उलटलेला माणूस, अंगात रक्ताचा आजार, खिशात फारसे काही नाही. पण लिखाणाचा झपाटा असा की पुढच्या आठ-नऊ वर्षांत त्यांच्या बहुतेक महत्त्वाच्या कादंबऱ्या झाल्या.

त्यातली पहिली ‘ख्राइस्ट रिक्रुसिफाइड’. तुर्की अमलाखालच्या एका ग्रीक गावात येशूच्या दुःखसहनाचे नाटक करायचे ठरते. मेंढपाळ मानोलिओसला येशूची भूमिका मिळते. तेवढ्यात उद्ध्वस्त गावातले निर्वासित येऊन आसरा मागतात. गावचा धर्मगुरू नकार देतो आणि भूमिका मिळालेली साधी माणसे खरोखरच त्या भूमिकेप्रमाणे वागू लागतात. शेवट काय होतो हे नावातच आहे. काझानझाकिस वाचायचे असतील तर सुरुवात इथून करावी. ‘अखेरच्या मोहा’पेक्षा ही कादंबरी अधिक बांधीव आहे.

‘अखेरचा मोह’मध्ये नेमके काय आहे?

१९५०-५१ मध्ये लिहिलेल्या या कादंबरीतला येशू नासरेथचा सुतार आहे आणि तो रोमन सैन्यासाठी क्रूस बनवतो. बंडखोर यहुद्यांना ज्यावर खिळले जाते तेच क्रूस. गावकरी त्याला थुंकतात, आई कपाळ बडवते. तो हे का करतो? देव आपल्या मागे लागला आहे असे त्याला वाटते आणि असले घाणेरडे काम केले तर देव आपला नाद सोडेल, अशी त्याची आशा असते. निवडला जाण्याची ही भीती कादंबरीचा मोठा भाग व्यापते.

यहुदा इस्कर्योत इथे विश्वासघातकी नाही. तो रोमनांविरुद्ध लढणारा, शिष्यांमधला सर्वांत खंबीर माणूस आहे. क्रुसावर गेल्याशिवाय आपले काम पुरे होणार नाही, हे येशूला उमगते तेव्हा तोच यहुदाला आपल्याला पकडून द्यायला सांगतो. म्हणजे सगळ्यांत अवघड काम सगळ्यांत जवळच्या मित्राकडे जाते.

मत्तयाचा एक प्रसंग आहे. हा शिष्य वहीत येशूचे चरित्र लिहीत असतो. येशू ते वाचायला मागतो आणि संतापतो, कारण जन्माच्या वेळचे चमत्कार वगैरे घडलेच नव्हते असे तो म्हणतो. मत्तय घाबरून सांगतो की, रात्री देवदूत कानाशी येऊन हे सांगतो, मी फक्त उतरवून घेतो. मग येशू विचारात पडतो. घडलेले खरे की देवदूताने सांगितलेले? वही तो फाडत नाही.

मग येतो तो अखेरचा मोह. क्रुसावर येशू देवाला आर्त हाक मारतो, ती अर्धी उच्चारताच त्याची शुद्ध हरपते. उरलेली अर्धी हाक तो मारतो ती पुस्तकाच्या शेवटी. मधल्या क्षणभरात एक पूर्ण आयुष्य स्वप्नात घडते. देवदूत त्याला खाली उतरवतो आणि हे सगळे स्वप्न होते, आता घरी चल, असे सांगतो. मग्दालियेशी मीलन, तिचा मृत्यू, मग मार्था आणि मरीया या बहिणींसोबत संसार. मुलेबाळे, सुतारकाम, अंगणात संध्याकाळ. चारचौघांचे असते तसे सुख. तो म्हातारा होतो. यरुशलेम जळत असताना थकलेले शिष्य दारात येतात आणि यहुदा त्याला तोंडावर पळपुटा म्हणतो. देवदूत प्रत्यक्षात सैतान होता, हेही उघड होते. येशू जिवाच्या आकांताने परत फिरतो, डोळे उघडतो आणि आपण क्रुसावरच आहोत हे पाहून त्याला आनंद होतो. मोहाला तो बळी पडलेला नसतो.

पुस्तकावर तुटून पडलेल्या अनेकांनी मधला संसार तेवढा पाहिला. तो नाकारला जातो, हे लक्षात घेतले नाही. कामवासना हा या पुस्तकातला खरा मोहच नाही. खरा मोह आहे चारचौघांसारखे जगून म्हातारपणी शांतपणे मरण्याचा. व्हिएन्नात चेहरा सुजलेल्या लेखकाला तो कसा असतो ते चांगलेच ठाऊक होते.

पौलाचा प्रसंग एवढा महत्त्वाचा का?

कारण ख्रिस्ती धर्म सुरू कसा झाला, या प्रश्नाला ही कादंबरी थेट भिडते ती तिथेच.

स्वप्नातल्या म्हाताऱ्या येशूच्या दारी एक दिवस पौल येतो. क्रुसावर मेलेल्या आणि पुन्हा उठलेल्या ख्रिस्ताची वार्ता तो आवेशाने सांगू लागतो. येशू ओरडतो की हे खोटे आहे, तो मी, मी मेलोच नाही, मी इथे बायकामुलांत राहतो आहे. पौल क्षणभर चपापतो आणि मग मागे हटत नाही. लोकांना आधार हवा आहे, त्यांच्या दुःखाला क्रुसावरचा आणि उठलेला ख्रिस्त हवा आहे. तो मी त्यांना देणार, तू असलास काय नि नसलास काय, असा त्याच्या बोलण्याचा रोख असतो.

यामागे इतिहासातली एक खरी फट आहे. येशूला क्रुसावर दिले गेले ते इसवी सन ३०च्या आसपास. आज आपल्या हाती असलेले सर्वांत जुने ख्रिस्ती लेखन म्हणजे पौलाची पत्रे आणि ती त्यानंतर सुमारे वीस वर्षांनी लिहिलेली आहेत. चार शुभवर्तमाने त्याहून नंतरची. मार्कचे शुभवर्तमान सर्वांत आधीचे मानले जाते आणि अभ्यासक त्याचा काळ साधारण सन ७०च्या सुमाराचा धरतात. पौलाने येशूला हयातीत शिष्य म्हणून पाहिले नव्हते. सुरुवातीला तो या पंथाचा छळ करणारा होता आणि दमास्कसच्या वाटेवर त्याला साक्षात्कार झाला. यहुदी समाजातला हा छोटा पंथ रोमन साम्राज्यातल्या इतर लोकांपर्यंत पोहोचला, यात त्याचा वाटा फार मोठा. येशूच्या आयुष्यातल्या बाराव्या वर्षापासून तिशीपर्यंतच्या काळाबद्दल शुभवर्तमाने जवळपास गप्प आहेत. कादंबरीकारांना अशा मोकळ्या जागा खुणावतात.

या वाटेवर काझानझाकिस एकटे नव्हते. फ्रेंच विद्वान अर्नेस्ट रेनाँ यांनी १८६३ मध्ये येशूचे चरित्र एका माणसाचे चरित्र म्हणून लिहिले आणि युरोपभर खळबळ उडाली. आयरिश कादंबरीकार जॉर्ज मूर यांच्या १९१६ च्या ‘द ब्रूक केरिथ’मध्ये येशू क्रुसावरून वाचतो आणि अनेक वर्षांनी त्याची पौलाशी गाठ पडते. रॉबर्ट ग्रेव्हज यांची ‘किंग जीझस’ १९४६ ची. पुढे १९९१ मध्ये पोर्तुगालच्या जुझे सारामागो यांनी येशूवर कादंबरी लिहिली. सरकारने ती एका युरोपीय पुरस्काराच्या यादीतून काढली तेव्हा चिडून त्यांनी देश सोडला. पण मूर यांचा येशू क्रूस मागे टाकून जगत राहतो, काझानझाकिस यांचा स्वतःहून क्रुसावर परततो. फरक मोठा आहे.

मग चर्चचा आक्षेप अगदीच निराधार होता का?

तसेही म्हणता येत नाही. येशू पूर्ण देव आणि पूर्ण माणूस आहे, हा सिद्धांत सन ४५१ मधल्या कॅल्सेडनच्या धर्मपरिषदेने पक्का केला. काझानझाकिस त्यातल्या माणूसपणावर भर देत होते, इतके म्हणून प्रश्न सुटत नाही. त्यांचा येशू घाबरतो, चुकतो, आपण कोण याबद्दल साशंक असतो. तो देव म्हणून येत नाही, झगडून देवत्वाकडे चढतो. हा ‘आस्केतिकी’तलाच विचार. त्यात मत्तयाची वही आणि पौलाचा तो आवेश जमेस धरला तर शुभवर्तमानाच्या सत्यतेलाच हात घातला जातो, असे श्रद्धावंताला वाटणे स्वाभाविक आहे. आक्षेप वाचून घेतले असते तर वाद रंगला असता. पण हत्यार उचलले गेले ते बंदीचे.

व्हॅटिकनच्या बंदीला काझानझाकिस यांनी तारेने उत्तर दिले. त्यासाठी त्यांनी तेर्तुल्लियन या आद्य ख्रिस्ती लेखकाच्या एका लॅटिन वाक्याचा आधार घेतला आणि आपले अपील थेट देवाच्या न्यायासनापुढे दाखल केले. ज्या चर्चने बंदी घातली त्याच्याच पूर्वसूरींचे शब्द वापरण्याची ही खोच नेमकी होती.

ग्रीसमध्ये ‘कॅप्टन मिखालिस’ (इंग्रजीत ‘फ्रीडम ऑर डेथ’) या कादंबरीतल्या काही पानांवरूनही ओरड झाली. ती त्यांच्या वडिलांवर बेतलेली, क्रीटच्या उठावाची कथा. पण अथेन्सची वृत्तपत्रे आणि लेखक मोठ्या संख्येने त्यांच्या बाजूने उभे राहिले, सरकारने खटला भरला नाही आणि धर्मबहिष्काराच्या मागणीवर कॉन्स्टँटिनोपलच्या पॅट्रिआर्कची मोहोर उमटली नाही. काझानझाकिस यांना चर्चने बहिष्कृत केले होते, असे आजही सर्रास लिहिले जाते. ते खरे नाही. अधिकृत बहिष्कार कधीच झाला नाही.

शेवट कसा झाला?

१९५७ च्या उन्हाळ्यात, आजारी असूनही, ते चीनला गेले. परतीच्या प्रवासासाठी कँटनमध्ये लस घेतली आणि तो हात चिघळला. उपचारांसाठी त्यांना कोपनहेगनला आणि तिथून जर्मनीतल्या फ्रायबुर्गच्या रुग्णालयात नेण्यात आले. हात सुधारला, पण त्या वर्षी जगभर पसरलेल्या आशियाई फ्लूने गाठले. ऑक्टोबरमध्ये साहित्याचे नोबेल आल्बेर कामू यांना जाहीर झाले. काझानझाकिस यांचे नाव अनेक वर्षे त्या यादीत होते. हा मान त्यांनाच अधिक शोभला असता, असे कामू यांनी नंतर एलेनी यांना पत्राने कळवले. २६ ऑक्टोबर १९५७ रोजी काझानझाकिस यांचे निधन झाले.

पार्थिव अथेन्सला आणले तेव्हा तिथल्या आर्चबिशपांनी ते चर्चमध्ये दर्शनासाठी ठेवायला नकार दिला. मग ते क्रीटला नेण्यात आले. इथे एक तांत्रिक बाब कामी आली. क्रीटचे चर्च अथेन्सच्या अखत्यारीत येत नाही, ते कॉन्स्टँटिनोपलच्या पॅट्रिआर्कच्या छत्राखाली आहे. त्यामुळे हेराक्लिओनच्या सेंट मिनास कॅथेड्रलमध्ये रीतसर प्रार्थना झाली आणि शहर लोटले. दफन मात्र दफनभूमीत न होता व्हेनिसकरांनी बांधलेल्या जुन्या तटाच्या मार्टिनेंगो बुरुजावर झाले. साधा दगड आणि लाकडी क्रूस. दगडावर त्यांच्याच तीन छोट्या ओळी कोरल्या आहेत. आशा नाही, भीती नाही आणि म्हणून आपण मोकळे, असा त्यांचा आशय.

मृत्यूनंतर वाद थांबला का?

थांबला तर नाहीच, उलट जगभर गेला. १९६० मध्ये पीटर बीन यांचा इंग्रजी अनुवाद आल्यावर कॅलिफोर्नियातल्या काही सार्वजनिक ग्रंथालयांतून पुस्तक हटवण्याची मोहीम सुरू झाली. व्हॅटिकनने ती निषिद्ध ग्रंथांची यादीच १९६६ मध्ये मोडीत काढली, पण वादाने फक्त माध्यम बदलले.

अभिनेत्री बार्बरा हर्शी यांनी १९७२ च्या सुमारास दिग्दर्शक मार्टिन स्कॉर्सेसी यांना हे पुस्तक भेट दिले. लहानपणी धर्मगुरू व्हायची इच्छा असलेल्या स्कॉर्सेसींना त्याने झपाटले. १९८३ मध्ये पॅरामाउंटने दबावापुढे माघार घेतली आणि अखेर १९८८ मध्ये युनिव्हर्सलचा चित्रपट आला. मोरोक्कोत, अगदी बेताच्या पैशांत केलेला. मग्दालिया झाल्या होत्या स्वतः हर्शी. अमेरिकेत मोर्चे निघाले. पॅरिसच्या सेंट मिशेल चित्रपटगृहात ऑक्टोबर १९८८ मध्ये चित्रपट सुरू असताना आग लावली गेली आणि तेरा जण जखमी झाले.

भारतातही याचे पडसाद उमटले होते, तेही चित्रपटाच्या आधी. केरळमध्ये पी. एम. अँटनी यांनी या कादंबरीवरून मल्याळम नाटक केले. येशूची सहावी जखम अशा अर्थाचे त्याचे नाव. १९८६ मध्ये त्यावरून ख्रिस्ती संघटना रस्त्यावर उतरल्या आणि राज्य सरकारने नाटकावर बंदी घातली.

ग्रीसमध्ये मात्र काळाने कूस बदलली आहे. हेराक्लिओनच्या विमानतळाला काझानझाकिस यांचे नाव आहे. वडिलांच्या मूळ गावी, मिर्तियाला, १९८३ पासून त्यांचे संग्रहालय आहे. २०१७ मध्ये, निधनाला साठ वर्षे झाली तेव्हा, ग्रीसने त्यांचा चेहरा असलेले दोन युरोचे नाणे काढले.